अरुंधती व्हिडिओच्या तेरा सेकंदांबाबत

मी, बेबीनंदा देवानंद मगरे, वय एकोणसत्तर, जिल्हा परिषदेची सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार अंबड, जिल्हा जालना, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाखाली न येता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दडपण आणायला माझ्याकडे येतंय कोण? आला तो एक शौनक, तोही शाल-श्रीफळ घेऊन. त्याचं पुढे येईल. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर अंगणासह मुलगा संघपाल याला. त्याने ते विकू नये असं मी लिहिणार नाही, कारण तो विकणारच आहे.

२. बँकेतली ठेव आणि कानातलं सून ज्योत्स्ना हिला, एकटीला. संघपालने त्यात नाक खुपसू नये. या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी ती एकटीच आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. माळ्यावरच्या सगळ्या व्हिडिओ कॅसेटी नात प्रीती हिला. ती पुण्यात कॉम्प्युटरवर चित्रं हलवायला शिकते. पोरी, सिनेमे बघत बसू नकोस, बहुतेक टुकार आहेत. प्रत्येक कॅसेटीच्या सुरुवातीला व्हिडिओ कंपनीचं हलतं चिन्ह येतं, तेवढं बघ. कुणाची पृथ्वी गरगर फिरते, कुणाची वीज कडाडते, कुणाची अक्षरं चकाकत अंगावर धावून येतात. काय तो थाट! आणि मागून सिनेमा यायचा तो कॉपीवरून कॉपी काढलेला, नायक कोण आणि खलनायक कोण ते कपड्यांवरून ओळखायचं. वर गाणं सुरू झालं की कंपनीचं नाव नटीच्या गळ्यावरून सरकत जायचं. लाज म्हणून नव्हती या लोकांना.

४. आता ज्यासाठी लिहायला बसले ते. १९८८ साली जालन्याच्या नरहर परतूरकर यांनी ‘अरुंधती व्हिडिओ’ नावाची कंपनी काढली. अरुंधती म्हणजे त्यांची बायको. जत्रेतली नाटकं, कीर्तनं चित्रित करून कॅसेटी विकायचे. माझे पती देवानंद त्यांच्याकडे कॅमेरा चालवायचे. नरहररावांना प्रत्येक कॅसेटीच्या आधी मुंबईच्या कंपन्यांसारखं हलतं चिन्ह हवं होतं, पण मुंबईचा भाव ऐकून त्यांचं तोंड उतरलं.

मग ते मी केलं. शाळेतला एक मोडका फळा आमच्या अंगणात आडवा टाकला आणि त्यावर करडईच्या दाण्यांची चांदणी मांडली. दाणे थोडे सरकवायचे, बाजूला व्हायचं, पतीने कॅमेऱ्याचं बटण दाबून लगेच सोडायचं. पुन्हा दाणे, पुन्हा बटण. अख्खा रविवार गेला, कंबरेचा काटा ढिला झाला. चांदणी उमलते, खाली कंपनीचं नाव उमटतं, एकूण तेरा सेकंद. उचक्या लागल्यासारखी उमलते, पण उमलते. मध्येच एक मुंगळा ‘अ’वर दिसतो आणि नाहीसा होतो. तीर्थपुरीच्या बाजारात कॅसेट लावली की पोरं ओरडायची, “मुंगळा आला रे!”

नरहररावांनी मात्र जिल्हाभर सांगितलं, हे मुंबईहून करून आणलं. राजूरला देवळाजवळच्या दुकानात तर माझ्या तोंडावर सांगितलं. मुंगळा कोणत्या एसटीने मुंबईला गेला होता, असं एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही. आणि माझे पती शेजारी मुकाट उभे. मालकापुढे त्यांची वाचा बसायची. असला मिळमिळीत माणूस मी दुसरा पाहिला नाही. छत्तीस वर्षं त्यांना हे ऐकवलं. गेल्या वर्षी ते वारले, त्याच्या आठ दिवस आधीही ऐकवलं. ते कूस बदलून पडून राहिले.

५. नरहररावांचे चिरंजीव शौनक पुण्यात असतात. जुन्या व्हिडिओ कंपन्यांच्या चिन्हांवर त्यांनी इंटरनेटवर एक फिल्म टाकली आहे. तीत माझी चांदणी आहे आणि वर शौनकचा गहिवरलेला आवाज, की बाबांनी हे मुंबईच्या एका अज्ञात कलावंताकडून करून घेतलं. अज्ञात! अंबडच्या स्टँडवर कुणालाही विचारलं असतं तरी माझ्या दारापर्यंत आणून सोडलं असतं.

मी फोनवर झापल्यावर शाल घेऊन आले. म्हणाले, “काकू, काही पुरावा आहे का?”

म्हटलं, “मूळ कॅसेट हाय माझ्याकडं. पन बुरशी लागली तिला.”

“मग मला द्या, मी साफ करून घेतो.”

“बाप चांदणी घेऊन गेल्ता, आता तू कॅसेट घेऊन चालला व्हय?”

शाल परत पाठवली. मूळ कॅसेट शौनक परतूरकर यांना कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. त्या चांदणीखाली माझं नाव लागलं पाहिजे आणि ते माझ्या घरच्यांनी लावावं.

इथवर तीन तारखेला लिहिलं.

६. आज अकरा दिवस झाले. जुने व्हीसीआर दुरुस्त करणारा जालन्याचा धर्मराज कॅसेट साफ करून, पेन ड्राइव्हवर उतरवून घेऊन आला. ज्योत्स्ना आणि मी, आम्ही दोघींनी ती टीव्हीवर लावली. चांदणी संपली की मी नेहमी कॅसेट बंद करायची. धर्मराजने मात्र ती शेवटपर्यंत उतरवली होती. शेवटी कॅमेरा बंद करायचाच राहिला होता. चार मिनिटं नुसती थांबलेली चांदणी, आणि आमचे आवाज. ऐकलं ते जसंच्या तसं लिहिते.

पती म्हणतात, “साहेब, खाली बारीक अक्षरात हिचं नाव टाकू. करडई अजून हाय.”

नरहरराव म्हणतात, “टाका की. मगरेबाई, पूर्ण नाव टाकायचं का नुसतं बेबीनंदा?”

मी म्हणते, “बिलकुल नगं! फळा डेडस्टॉक रजिस्टरला हाय, न विचारता आणलाय. हेडमास्तरला कळलं तर नोकरीवर यायचं. मुंबईहून आणलं म्हणून सांगा.”

पती म्हणतात, “अगं, असू दे की नाव. एवढं केलंस.”

मी म्हणते, “तुमी गप बसा. कुनापुढंच बोलू नका. माझी शपथ हाय तुमाला.”

मला यातलं काहीही आठवत नाही. आवाज माझाच आहे. ज्योत्स्ना म्हणाली, “आई, बंद करू का?” मी नको म्हटलं.

मोडका फळासुद्धा शाळेबाहेर नेता येत नसे, त्या भीतीपोटी मी माझं नाव स्वतःच पुसलं आणि खापर दुसऱ्यांवर फोडत बसले. मला स्वतःची किळस आली आहे. कलम चार खोडायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. मी माझ्या पतीबद्दल असं बोलत होते हे संघपाल आणि प्रीतीने वाचावं.

७. कलम पाचमध्ये बदल. कॅसेटीची प्रत शौनक यांना द्यावी. त्यांनी चांदणीखाली माझं नाव टाकावं, कारण ती मीच केली आहे आणि त्यावरून मी हटणार नाही. मात्र पुढची चार मिनिटंही दाखवावीत, एक शब्द न कापता. आणि खाली लिहावं, की देवानंद मगरे यांना बायकोने शपथ घातली होती, आणि बायको ती विसरून गेली तरी त्यांनी छत्तीस वर्षं पाळली.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिलं. बरोबर आहे.

ठिकाण: अंबड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: बेबीनंदा देवानंद मगरे

आमच्यासमक्ष बाईंनी सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष केली:
१) धर्मराज भुजंग खरात, व्हीसीआर-टीव्ही दुरुस्ती, जालना
२) कौसल्या राजानंद साळवे, निवृत्त परिचारिका, शेजारी, अंबड