साडेसहाची हाक

दादा,

चिमणीचा डबा भरून ठेवलाय. साडेसहाला तिला तू उठव. हात लावून नको, हाक मारून उठव.

काल तिच्यासाठी टॅब आणला ना, जुना फोन बदल्यात दिल्यामुळे तो स्वस्तात बसला. अभ्यासापुरता चांगला आहे, वेळेचं कुलूपही लागतं, म्हणून मीच निवडला. वहिनीचा तडकलेल्या काचेचा फोन दिवसभर कपाटात असायचा. मला वाटलं बंदच आहे, तोच देऊन आले. संध्याकाळी पोर कपाट उपसत बसली. म्हणाली, "आत्या, आईचा फोन कुठाय गं? त्यातून ती मला उठवते." वहिनीने दवाखान्यात जायच्या आधी गजरात स्वतःचा आवाज भरून ठेवला होता. मला सकाळी मौन, आणि ही आपली आपण उठते, म्हणून मी मेली तिचं कौतुक करत होते.

रडली नाही रे. टॅब गुपचूप खोक्यात ठेवला आणि म्हणाली, "असू दे, तुला कुठं माहीत होतं?"

जुने फोन सकाळच्या गाडीने जातात, म्हणून दुकान उघडायच्या आधीच दारात जाऊन उभी राहते. आतलं सगळं पुसून टाकतो, असं दुकानदार म्हणाला होता. देवा, अजून पुसलं नसू दे. त्याच्याशी बोलावं लागणार, तेव्हा आज मौन मोडतेय. वहिनी बरी व्हावी म्हणून धरलं होतं, ती गेल्यावरही सोडवलं नाही.

फोन नाहीच मिळाला, तर उद्यापासून मीच हाक मारीन. वहिनी तिला काय म्हणून उठवायची, तेवढं आठवून ठेव.

— धाकटी