नातीचा राहिलेला फासा

खेळात माझं कुलूप फासा न टाकता उघडलं आणि माझ्या नातीला मात्र फासा टाकू दिला नाही. एकाच टेबलावर, एकाच दुपारी, दोन कायदे. ही तक्रार सगळ्यांत आधी. वकील म्हणाले, मृत्युपत्रात तक्रार नसते. नसेल. माझ्यात आहे.

आता रीतीचं. मी, खाली सही करणारी, कुलूपवाल्याची विधवा, वय एकोणऐंशी, शिक्षण तिसरी, तीही अर्धी. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. लिहिते ते राजीखुशीने, कोणी हात धरून लिहून घेतलेलं नाही. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. दुकान आणि मागच्या दोन खोल्या मुलगा व मुलगी यांना निम्म्या-निम्म्या. मुलगा म्हणेल, "आई, तुला मी सांभाळलं." सांभाळलंस बाबा, पण दर वेळी बोलून दाखवलंस.

कलम २. बँकेत असेल त्यातून माझ्या शेवटाचा खर्च. उरेल ते दोघांत. भांडलात तर सगळं दवाखान्याला.

कलम ३. नवऱ्याची हत्यारं, म्हणजे कानशी, किल्ली घट्ट धरायचा लहान शेगडा आणि कुलपं उघडायला छत्रीच्या काड्या घासून केलेले सतरा आकडे, नातीला, म्हणजे मुलीच्या मुलीला. मुलाने ती दोनदा भंगारात काढली, मी दोनदा परत आणली. पोरगी नकाशे काढणाऱ्या कचेरीत आहे. रेघ ओढताना तिचा हात हलत नाही.

कलम ४. माझा सैनिक. हे जरा सविस्तर लिहावं लागेल, नाहीतर म्हणाल म्हातारी बरळली.

नवरा गेल्यावर नातू, मुलाचा मुलगा, दर रविवारी दुपारी दुकानातल्या मोठ्या टेबलावर खेळ मांडू लागला. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. गोष्ट नातू सांगणार. सोंगाला एखादी गोष्ट जमली की नाही, ते वीस बाजूंचा हिरवा फासा ठरवणार. सोंगाचे गुण कागदावर आकड्यांत लिहिलेले. नात होती, नातवाचे दोन दोस्त होते, एक गडी कमी होता, म्हणून मला बसवलं.

"आजी, तू सैनिक. बळ अठरा, अक्कल सहा."

"अक्कल तुझ्या बापावर गेली वाटतं," मी म्हटलं.

नातीने राजदूत घेतली. बोलण्याचा गुण अठरा. पोरगी लहानपणापासून बोलताना अडखळते. रविवारी मात्र ती फासा टाकायची आणि नातू सांगायचा, "राजदूत बोलली आणि अख्खा दरबार ऐकत राहिला." तेव्हा तिचा चेहरा कसा व्हायचा ते मी बघितलंय. लिहिता येत नाही.

मग तो रविवार. गोष्टीत तळघराचं कुलूप आलं. माझ्या सैनिकाला कुलपातलं काही कळत नाही, कागदावर शून्य आहे. पण मला कळतं. मी सांगितलं, आकड्याने ताण धरायचा, जी खिट्टी अडते तिच्याशी घाई करायची नाही, ती आपण होऊन वर जाईपर्यंत थांबायचं. नातू टेबलावर थाप मारून ओरडला, "वा आजी! उघडलं! फासा नको. आता असंच खेळायचं, ज्याला जमतं त्याने करून दाखवायचं." मी फुगले. ढ सैनिकाला माझी अक्कल उसनी दिली, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

पुढे किल्ल्याचा दरवाजा. दरवान झालेल्या नातवाने विचारलं, तुम्हाला आत का घेऊ? नातीने फासा उचलला. नातवाने तिच्या हातावर हात ठेवला. "फासा नाही, ताई. बोलून दाखव. आजीने दाखवलं ना?"

ती उभी राहिली. पहिल्याच अक्षरावर अडली. दोस्त टेबलाकडे बघू लागले. आणि मी, अडलेल्या खिट्टीशी थांबणारी मी, म्हणाले, "आटप गं, तोवर किल्ला पडेल!"

सगळे हसले. तिने फासा आवाज न करता ठेवला, कागदाची घडी केली आणि गेली. त्याला चौदा महिने झाले. फोनवर ती बोलत नाहीच. रोज सकाळी मोबाइलवर दोन शब्द येतात, "औषध घे." मी घेते.

नवरा दाराबाहेर अडकलेल्याला घर तुझंच ना, एवढं विचारायचा. नीट बोलता येतं का, हे त्याने कधी विचारलं नाही.

तिची माफी मागायला हवी होती. तोंडाने ते शब्द मला आयुष्यात आले नाहीत. एकदा एकटीने फासा टाकून पाहिला, माफी मागता येते का म्हणून. तीन आला. इथे लिहिते: चुकले गं बाई माझं.

सैनिकाचा कागद नातवाला. त्याने तो खेळावा आणि अक्कल सहाच वापरावी, स्वतःची घुसवू नये. कमी जमणाऱ्याच्या जागी बसायची सवय लागेल.

कलम ५. हिरवा फासा नातीला.

ठिकाण : दुकानामागची खोली. तारीख : नऊ, रविवार, दुपार.
सही : कुलूपवाली
साक्षीदार : १. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही) २. समोरचा चष्मेवाला (सही, चष्मा विसरून आला होता, वाचून दाखवलं)

ताजा कलम, त्याच साक्षीदारांसमोर, पुन्हा सही करून. हे वाचून झालं की कोणी उठायचं नाही. टेबल पुसायचं, खेळाचा नकाशा पसरायचा. माझा सैनिक किल्ल्याच्या त्याच दरवाजाशी उभा आहे असं धरायचं. नातीने फासा टाकायचा. एकही शब्द बोलायची तिला गरज नाही. बोलावंसं वाटलं तर लागेल तेवढा वेळ घ्यावा, तिचं वाक्य कोणी पुरं करायचं नाही. आकडा काहीही येवो, दरवानाचं उत्तर नातवाने द्यायचं. उभं राहून, तिच्याकडे बघून, स्वतःच्या तोंडाने. त्याला फासा मिळणार नाही.