गिऱ्हाइकाची उशी

ताई,

गिऱ्हाइकाकडे चित्र पोचवायला चाललोय. काल भांडताना तू मला फेकून मारलीस ती हिरवी उशी त्यांच्या सोफ्यावरची होती. चित्रातली झाडं सोफ्याला शोभली पाहिजेत, म्हणून त्यांनी रंगाच्या नमुन्याला दिली होती. नशीब, डाग पडला नाही. ती परत नेतोय.

रंग फुकट येत नाहीत, हे तुझं म्हणणं पटलंय. त्यांना बेडरूमसाठीही एक चित्र हवंय. मी हो म्हणून टाकलंय, आणि तेही तोंड वाकडं न करता काढीन. पण ‘घरातल्या माणसांची चित्रं काढून काय मिळतं तुला?’ असं विचारलंस, तेव्हा मी उठून ब्रश धुवायला गेलो.

सकाळी बघितलं, तर सोफ्याचा हिरवा बराच उरला होता. टाकवेना. त्यातच एक छोटं चित्र सुरू केलंय: अंबाडा सुटलेली, हात वर करून उशी भिरकावणारी तू. हे मात्र विकायचं नाही.

ओट्यावर वाळत ठेवलंय, हात लावू नकोस. जेवण त्याच्या शेजारीच झाकून ठेवलंय, त्याला हात लाव.

चेहरा कोरा सोडलाय. कालचा आठवून काढला असता तर तू आणखी एक उशी फेकली असतीस. संध्याकाळी कामावरून आलीस की खिडकीपाशी जरा वेळ बस. राग गेला नसला तरी चालेल, पण बस.

तुझा रिकामटेकडा भाऊ