गाडी फिरवायचे खळे

मी, भगवानराव तुकाराम गावंडे, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार वडफळा, तालुका नेर, जिल्हा यवतमाळ, गुडघ्यांनी खिळखिळा पण बुद्धीने शाबूत असताना, कोणाच्या धाकाने वा भरीस पडून नव्हे, माझ्यामागे काय कोणाचे व्हावे ते लिहून ठेवतो.

राहते घर व बँकेतली ठेव पत्नी मैनाबाईची. शेत मुलगा इंद्रजितचे. मक्त्याने दिले तरी बांधावरचे मोहाचे झाड तोडू नये. शाळेतली कवितांची पुस्तके नात खुशीची. त्या कविता मी नेरच्या शाळेत जाताना यष्टीच्या खिडकीशी, इंजिनाच्या तालावर पाठ केल्या. आजही चाल धरली की अंगाखाली बाकडे हलते.

आता गावाच्या टोकाचे खळे. रस्ता तिथेच संपतो, म्हणून यष्टी माझ्या खळ्यात फिरून नेरला परतते. हंगामात आम्ही तूर पसरतो, ती तिच्या चाकांखाली मळून निघते. खळ्याला कुंपण पडले तर गाडी फाट्यावरूनच मागे जाईल. या काळजीपायी हे मृत्युपत्र वर्षभर अडले होते.

कारण इंद्रजितने बॅटरीची कार घेतली आणि खळ्यात चार्जिंगची शेड टाकायची म्हणाला. "बाबा, आता घरोघरी कार येते. यष्टीची वाट कोन पाह्यते? माही गाडी आवाजबी करत नाही."

"म्हनूनच माही कोंबडी गेली तिच्याखाली," मैनाबाई म्हणाली. "येष्टी कोसावरून खडखडते."

हसलो सगळे, पण गाठ सुटली ती काल, सुनेकडून. उर्वशी नेरच्या दवाखान्यात नर्स आहे. भाकर वाढता वाढता नवऱ्याला म्हणाली, "तुमची गाडी सकाळीच यवतमाळले जाते. मंग मी नेरले कायच्यावर जाऊ? कोंबडीवर?"

इंद्रजितने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "खळं तिच्याच नावानं करा बाबा. शेड मी अंगनात टाकतो. नाहीतर इले नेरले सोडाची रोजची ड्यूटी माही होईन."

छातीवरचे पोते उतरले. सबब खळे सून उर्वशीच्या मालकीचे. तिने ते उघडे ठेवावे. कारशी माझे वैर नाही, मैनाबाईच्या गुडघ्यांना ती बरी. उद्या यष्टीही बॅटरीवर येईल म्हणतात. येऊ दे. बिनआवाजाच्या गाडीत खुशी कोणत्या तालावर पाठांतर करील, एवढेच मला सुचत नाही.

शेवटचे. चुलतभाऊ गोविंदाने खळ्याच्या वळणावर लाकडे रचली आहेत. सांगून सांगून थकलो. माझ्या हयातीत ती उचलली नाहीत, तर मला त्याच लाकडांनी जाळावे. वळण तरी मोकळे होईल.

ठिकाण: वडफळा
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५
सही: भगवानराव तुकाराम गावंडे

वरील मजकूर त्यांनी आम्हांस मोठ्याने, चालीवर वाचून दाखवला व आमच्यासमोर सही केली.
साक्षीदार:
१) लखन हिरामण राठोड
२) संघर्ष देवानंद खोब्रागडे