नावेला लावलेलं जू

जवाहरनगर,
२१ जानेवारी

प्रिय विनोददादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा ठीक नाही, पण तो तू विशाखापट्टणमला जाण्यापूर्वीही ठीक नव्हता, त्यामुळे त्याचं श्रेय तुला देता येत नाही. तुझी कंबर कशी आहे? आई विचारते, "तो वेळेवर जेवते का नाही?" उत्तर तिलाच कळव. (हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेच बोलतोस.)

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर ठेवलेली तुझी जुनी दोन होडक्यांची कॅटमरान बाबुलालशेठना का पसंत पडली नाही, आणि दुसरं गिऱ्हाईक शोधण्याआधी तिची खरी स्थिती काय आहे, असं तू विचारलंस. क्रमाने सांगते.

दोन वर्षं तिची देखभाल मी करते आहे (तुझी सूचना "फक्त झाकून ठेव" एवढीच होती). मागून वारा आला की ती फॅक्टरीची बस चुकलेल्या माणसासारखी उभी राहायची. यावर उपाय म्हणजे बोस्प्रिट: नाकासमोर एक दांडा पुढे काढायचा आणि त्याच्या टोकाला मोठं, हलकं शीड बांधायचं. तसा दांडा मिळेना (भंडाऱ्यात दुकानदाराने पडद्याचा रॉड दाखवला), म्हणून शहापूरच्या ईश्वर सुताराकडे गेले. तो शंकरपटात पळणाऱ्या बैलजोड्यांच्या हलक्या गाड्या करतो. मी मिलिमीटरमध्ये ड्रॉइंग दिलं. त्याने ते आदराने घडी करून खिशात ठेवलं आणि नाव बघायला आला. दोन अरुंद होडकी शेजारी-शेजारी, मधून पुढे जाणारी दांडी. पुढचं काही विचारायची त्याला गरज वाटली नाही.

आठ दिवसांनी दांडा आला. लांबी बिनचूक. सोबत एक जू होतं, दोन्ही होडक्यांच्या नाकांवर आडवं बसणारं, हळदकुंकू लावलेलं. हे ड्रॉइंगमध्ये नाही, असं मी म्हटलं. "ताई, जोडी हाये ना हे? जू नसन त दोघं आपापल्या रस्त्यानं जातीन." मी घरी येऊन पुन्हा गणित केलं. शिडाचा ताण आल्यावर दोन्ही नाकं आत ओढली जाणार होती आणि तो ताण पेलायला माझ्या ड्रॉइंगमध्ये काहीच नव्हतं. जू राहिलं.

शीड टेकचंद मंडपवाल्याच्या कापडाचं केलं. लाल-पिवळे पट्टे, खाली झालर. (झालर काढायला त्याने मनाई केली, लग्नसराईत कापड परत द्यायचं आहे.)

बाबुलालशेठ अकराला येणार होते. साडेनऊला सगळं बसवून झालं, म्हणून एक फेरी मारायला निघालो. ईश्वर न विचारता पुढे बसला आणि जिभेने चक्‌चक्‌ करून नावेला हाकू लागला. मध्यावर गेल्यावर ओरडला, "ताई, तुमचा डावा बैल बसून राहिला!" तो बैल नाही, असं मी सांगितलं. मग डावीकडे पाहिलं. डाव्या होडक्यात पाणी भरत होतं. ईश्वर डब्याच्या झाकणाने पाणी उपसत होता आणि त्या होडक्याला आळशी, कामचोर, खाऊन माजलेला असं बरंच काही म्हणत होता. अशा रीतीने आम्ही काठाला आलो: डावीकडे कललेले, समोर जू, वर झालर. मासे धरणाऱ्यांनी पटाच्या जोडीला देतात तशी बाजूला होऊन वाट दिली. बाबुलालशेठ म्हणाले, "बेटी, मले नाव पायजे होती, तुमी त वरात आणली," आणि गाडीत जाऊन बसले. मी त्यांना थांबवलं नाही. थांबवावं असं तुझ्या सूचनेत नव्हतं.

अशा नावेला दुसरं गिऱ्हाईक मिळेल असं मला वाटत नाही. निर्णय तुझा.

तुझी बहीण,
हर्षा

ता. क. डाव्या होडक्याची चीर मी दुसऱ्याच दिवशी बुजवली. आता थेंबही येत नाही.

ता. क. २. ज्या अंतराला पूर्वी एक्केचाळीस मिनिटं लागायची, ते ती आता बावीस मिनिटांत जाते. तीनदा मोजलं.

ता. क. ३. नाव विकू नकोस. मला हवी आहे. हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला होतं; खोडलेलं दिसत असेल.

ता. क. ४. तू विचारशीलच, म्हणून: जू चार बोल्टांवर बसवलेलं आहे. काढायला दहा मिनिटं लागतात. बाबुलालशेठ येण्याआधी माझ्याकडे दीड तास होता.