आईच्या आवाजाचे दोन डबे

मोंगू, ४ ऑगस्ट २०२४

चि. मुबिता यास,

आशीर्वाद द्यायची रीत आहे म्हणून देते. फोनवर मी बोलायला लागले की तू नेटवर्क गेल्याचं सोंग करतोस. म्हणून हे पत्र लुसाकाच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. तो तुझ्या हातात ठेवून येईल.

मंगळवारी वीज आली ती अशी उसळून आली की माझा लॅपटॉप जळाला. आईने सांगून ठेवलेल्या गोष्टी, गाणी, गावांच्या पुरांच्या आठवणी, एकशे बारा ध्वनिमुद्रणं, आता फक्त एका बाहेरच्या डिस्कवर उरली आहेत. ती डिस्कही मधूनच कटकट करते. दुकानदार म्हणाला, बाई, हिला फार दिवस नाहीत. आजारी माणसाबद्दल बोलावं तसं बोलला.

तू विमा कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतोस. परक्यांच्या फायली चार-चार ठिकाणी जपतोस. घरच्या फायलींसाठी काहीतरी करू, असं तू तीन वर्षं म्हणतो आहेस. आई एप्रिलमध्ये गेली. तिला तुझ्या 'काहीतरी'ची वाट बघायला जमलं नाही. आता तरी स्वस्तातलं आणि टिकणारं काय घ्यायचं ते कळव. उपदेश नको.

बाकी इकडे सर्व ठीक, म्हणजे जसं होतं तसंच.

इनोंगे


लुसाका, १३ ऑगस्ट

ती. ताईस नमस्कार, वि. वि.

आशीर्वाद पोचला. रीतीपुरता होता तरी ठेवून घेतला.

तुला उपदेश नको आहे, पण वस्तू निवडायची तर चार गोष्टी ऐकाव्या लागतील. आपल्याला हवा तो एक छोटा डबा असतो. तो राउटरला जोडायचा, आत डिस्क बसवायची, म्हणजे घरातल्या सगळ्या फोनांमधलं आणि लॅपटॉपमधलं त्यात आपोआप उतरत राहतं. दोन डिस्कवाला घेतला तर एक मेली तरी दुसरी शिल्लक राहते. इथल्या कामवाला नावाच्या बाजारात वापरलेल्या डिस्क अर्ध्या किमतीत मिळतात, पण आईचा आवाज मी दुसऱ्याने झिजवलेल्या डिस्कवर ठेवणार नाही. शिवाय दिवसाचे सतरा तास वीज नसते, तेव्हा सोबत लहान बॅटरी हवीच. लिहिताना मध्येच वीज गेली तर डबाही तुझ्या लॅपटॉपच्या वाटेने जाईल.

म्हणून दोन डिस्कवाला चांगला डबा घ्यावा आणि तो माझ्याकडे लुसाकात असावा असं माझं मत आहे. इथे इंटरनेट बरं आहे आणि बिघडलं तर दुरुस्त करायला मी आहे. तुझ्याकडे तो टेबलावर भांड्यांच्या शेजारी बसेल आणि वर कपिंटाच्या सुक्या माशांची परडी येईल.

आणि राग येणार नसेल तर विचारतो. आईचा फोन, आईच्या वह्या, आईचा नेसायचा चितेंगे, सगळं तुझ्याकडेच का राहिलं? मी मुलगा होतो की पाहुणा?

लोभ किती आहे ते दिसतंच आहे, तो वाढावा.

मुबिता


मोंगू, २० ऑगस्ट

चि. मुबिता यास,

पाहुणाच होतास. पाहुणा येतो, जेवतो, म्हातारीचा हात हातात घेऊन फोटो काढतो आणि सोमवारच्या आत परत जातो. दफनाला तू सकाळी अकरा वाजता पोचलास. चुलत्यांनी मला विचारलं की मातीसाठी थांबायचं का. मी हो म्हटलं. ते उपकार म्हणून लिहीत नाही, तुझ्या स्मरणात राहावं म्हणून लिहिते.

तुझा दोन डिस्कवाला डबा तुलाच लखलाभ. दोन्ही डिस्क एकाच डब्यात आणि डबा तुझ्या घरात. चोर आला तर एक डिस्क तुझ्यासाठी ठेवून जाईल का? आमच्या शाळेत सायन्स शिकवणाऱ्या मवियाबाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या की तेवढ्याच पैशात एका डिस्कचे दोन साधे डबे घ्या, एक इथे, एक तिथे. इंटरनेटवरून ते एकमेकांशी जुळवून घेतील. एक घर जळालं तरी दुसरं आहे. हे सांगायला त्यांना चार ओळी लागल्या, तुला तीन वर्षं लागली आणि तरी सुचलं नाही.

डिस्क मात्र नव्याच घे, त्याबाबतीत तुझं खरं. माझा निम्मा वाटा फोनवरून पाठवला आहे. डबा नीट बांधून बसने पाठव. कपिंटा मी टेबलावर ठेवत नाही, त्याला मांजर आहे.

बाकी लोभ तुझ्या सोयीने.

इनोंगे


लुसाका, १८ सप्टेंबर

ताईस,

नमस्कार लिहायला हात उठत नाही, तरी लिहितो.

डबा पोचला, तू जोडलास, तुझ्या डिस्कवरचं सगळं त्यात उतरलं, इथवर ठीक झालं. मी माझ्या डब्यात माझ्या जुन्या लॅपटॉपवरचं उतरवलं आणि दोन्ही जुळवायला लावले. तुझ्या डब्यातली एकशे अकरा मुद्रणं इकडे बिनतक्रार उतरली. एका ठिकाणी मशीन अडलं. नाव एकच, तारीख गेल्या वर्षीची १९ मे, पण लांबी वेगळी. माझ्याकडे अकरा मिनिटं, तुझ्याकडे सात. कोणतं ठेवू, म्हणून विचारत होतं. तुझं नंतर बदललेलं होतं. मी न बघता हो म्हटलं असतं तर सात मिनिटांनी अकरा मिनिटं पुसली असती.

मी दोन्ही ऐकली. सात मिनिटं आई पूर आल्यावर शाळा होडीतून कशी हलवायचे ते सांगते. मग तुझं संपतं. माझ्यात ती पुढे बोलते. इनोंगे सकाळी शाळेत जाताना मला खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावते, म्हणते. मी दार वाजवते, पण शेजारीण आता येत नाही, म्हणते. आपल्या आईने हे हळू आवाजात सांगितलंय, कुणी ऐकेल या भीतीने.

तू तिला कोंडत होतीस आणि नंतर तेच कापून टाकलंस. दफनाच्या वेळी सगळं गाव तुझी वाहवा करत होतं, मुलीने शेवटपर्यंत केलं म्हणून. मीही मान डोलावत होतो. चुलत्यांना हे ऐकवायचं की नाही, ते तुझ्या उत्तरावर ठरवेन.

मुबिता


मोंगू, २५ सप्टेंबर

मुबिता,

कुलूप लावत होते. कापलंही मीच.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आई पहिल्यांदा मुलाम्बाच्या धक्क्यावर सापडली. नदीकाठच्या मैदानभर पुराचं पाणी होतं. माझ्या माहेरच्या गावाला जाणारी होडी कधी सुटते, असं ती लोकांना विचारत होती. ते गाव पुरात वाहून जाऊन चाळीस वर्षं झाली. पुढच्याच महिन्यात सापडली तेव्हा छातीभर पाण्यात उभी होती, डोक्यावर चितेंगेची घडी, भिजू नये म्हणून. एका मासे विकणाऱ्या बाईने ओढून काढलं. त्यानंतर मी कुलूप आणलं. सकाळी साडेसहा ते दीड, मग मी धावत घरी. तिच्यापाशी बायका ठेवून पाहिल्या, दोघी टिकल्या नाहीत. आई त्यांना चोर म्हणायची. तुला मी तेव्हा पाच वेळा फोन केला. तू म्हणालास, ऑडिट चालू आहे, ताई, तू सांभाळशील, तू नेहमी सांभाळतेस.

ती गेल्यावर आठव्या दिवशी मी तिच्या फोनमध्ये ते ऐकलं. माझ्या मुलीच्या कानावर हे पडू नये असं वाटलं, म्हणून कापलं. मला त्याची लाज वाटते. कुलपाची वाटत नाही. चुलत्यांना खुशाल ऐकव.

पण ऐकवशील तर पूर्ण ऐकव. तू तुझ्या पत्रात चारपैकी तीनच मिनिटं लिहिलीस. शेवटचं मिनिट मला पाठ आहे. त्यात ती म्हणते, मुबिता, इनोंगेवर चिडू नकोस, ती दमते. तू थोडे दिवस ये. तू घरी असलास तर कुलूप लागणार नाही. हे तुझ्या पत्रात का नाही? मी मशीनने कापलं, तू पेनाने.

आणि एकच विचारते. हे मुद्रण तुझ्या लॅपटॉपवर आलं कुठून? आईने ते स्वतः तुला पाठवलं, त्याच दिवशी, १९ मेला. तिच्या फोनमध्ये तशी नोंद आहे. त्यानंतर ती अकरा महिने जिवंत होती. तू ते पहिल्यांदा कधी ऐकलंस?

इनोंगे


लुसाका, ६ ऑक्टोबर

ताई,

चार वेळा लिहायला बसलो. तीन वेळा त्यात तुझेच दोष उतरले, म्हणून ते कागद फाडले.

पहिल्यांदा ऐकलं ते गेल्या महिन्यात, मशीनने विचारलं तेव्हा. १९ मेला ते आलेलं मी पाहिलं होतं. आई शाळेचं काहीतरी सांगत असेल, रविवारी निवांत ऐकू, असं म्हणून मी ते लॅपटॉपवर जपून ठेवलं. अकरा मिनिटं मला फार वाटली. पुढच्या आठवड्यात तिने फोन करून विचारलं होतं, ऐकलंस का रे. मी हो म्हणालो. ती म्हणाली, मग बरं झालं. आणि पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही. तिला वाटलं असणार की मी ऐकलं आणि आलो नाही.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, माझ्या बायकोलाही नाही. चुलत्यांना मी काही ऐकवणार नाही.

दोन्ही डब्यांत आता अकरा मिनिटांचं आहे. तुझ्याकडचं तुला पुन्हा कापायचं असेल तर काप, मी जुळवणी बंद केली आहे, माझ्याकडचं पुसलं जाणार नाही. मला ते लागेल. रोज नाही, पण लागेल.

तुझ्या डब्याची बॅटरी दोन वर्षांनी बदलावी लागेल. ती मी घेऊन येईन. त्याआधी ये म्हणालीस तर त्याआधी येईन. तू मला घरात घेशील, हे मी गृहीत धरत नाही.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. आज ती पाळायचा मला हक्क नाही, म्हणून नुसती सही करतो.

मुबिता