पाळीच्या विहिरीतली कॉफी

मुक्काम पिंपळवाडी, तालुका पाटोदा
चैत्र वद्य पंचमी, फसली १३४०

तीर्थस्वरूप रामकिसन दाजींच्या सेवेशी धाकट्या मेव्हण्याचा, सुंदररावाचा, साष्टांग दंडवत. वैजनाथाच्या कृपेने इकडे माणसं, बैलं, म्हशी सगळी खुशाल आहेत. (खुशाल नाही तो फक्त मी, पण ते दुखणं वैद्याला दाखवण्याजोगं नाही.) केशरअक्काचे गुडघे कसे आहेत? हैद्राबादचा उन्हाळा तिला सोसतो का?

दाजी, या सगळ्याचं मूळ तुमच्याच घरी आहे. दोन वर्षांमागं मी आणि आमचे चुलतबंधू भगवानराव (तुमचेही मेव्हणेच, इलाज नाही) तुमच्याकडं आलो होतो आणि तुम्ही आम्हाला बर्फ घातलेली कॉफी पाजलीत. मी पिऊन ढेकर दिला आणि विसरलो. त्यानं मात्र ती डोक्यात ठेवली. आता उन्हाळा लागल्यापासून त्याच्याकडं नगरहून मोटारीनं बर्फाची लादी येते, भुशात घालून, गोणपाटात गुंडाळून. पाटोद्यापासून पुढं बैलगाडीनं. लादी निघते रांजणाएवढी आणि पोचते तांब्याएवढी, तरी हा गडी पाहुण्यांच्या देखत बत्त्यानं ती फोडतो. दुपार झाली की गावातली जाणती मंडळी त्याच्या ओसरीवर. मधे एक भिंत. अलीकडं मी एकटा पान लावत बसतो आणि पलीकडून पेल्यात बर्फ वाजल्याचा आवाज येतो. मला कॉफीचा राग नाही, मला त्या आवाजाचा राग आहे. खरं सांगतो, जळतो मी.

बरं, प्रश्न नुसत्या कॉफीचा असता तर गिळला असता. पण दौऱ्यावरच्या तहसीलदारानं गावात पहिलं पेय आपल्या थोरल्या पातीच्या, म्हणजे घराण्यातल्या थोरल्या शाखेच्या, ओसरीवर घ्यायचं, हा मान आजोबांपासूनचा. साहेब चैत्रात येणार आणि बर्फाच्या वासानं धाकट्या पातीकडं वळणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मीही कंबर कसली.

प्रथम सुरईत कॉफी भरून ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यावर ठेवली. ती कढत होती ती कोमट झाली, आणि चव अशी की जणू नुकतीच भिंत सारवून उरलेलं पाणीच प्यालो. मग आतषबाजीवाल्या बंकटाकडून शोरा, म्हणजे बंदुकीच्या दारूत घालतात तो खार, आणला. शोरा पाण्यात टाकला की पाणी गार पडतं, त्यात भांडं ठेवायचं, असं जुने लोक सांगत. खोटं नाही हो! पण ढवळताना थोडं कॉफीत उडालं. तो घोट घेतल्यावर संध्याकाळपर्यंत भाकरीची चव कळेना आणि सरस्वतीनं दिवसभर मला चिलमीजवळ जाऊ दिलं नाही. (बायकोची माया अशीही असते.) शेवटी झाकणाची पितळी किटली दोराला बांधून विहिरीत सोडली. दाजी, काय सांगू! मऊ गार, दातांना न झोंबणारी, जायफळाचा वास जागच्या जागी. बर्फाच्या कॉफीत पहिला घोट कॉफीचा असतो आणि शेवटचा नुसत्या पाण्याचा. माझी कॉफी शेवटपर्यंत कॉफीच.

साहेब ज्या दिवशी आले त्या दिवशी सकाळीच मी किटली सोडली. घाईत एकच गोष्ट ध्यानात राहिली नाही. विहीर दोन्ही पात्यांची, मोट पाळीपाळीनं, आणि त्या दिवशी पाळी त्याची होती. साहेबांना ओसरीवर बसवलं, लोड दिला, पान दिलं आणि विहिरीवर गेलो, तर दोर नाही, किटली नाही. भगवानरावाचा मोटकरी आसाराम बैलांना पाणी दाखवत होता. विचारलं तर शांतपणे म्हणाला, "मालक, आज पाळी आमची हाय. पाळीच्या दिशी इहिरीत जे घावंल ते पाळीवाल्याचं. तुमीच ठरवलंय न्हवं?"

ठरवलं होतं. गेल्या साली भगवानरावाची तांब्याची घागर माझ्या पाळीत विहिरीत सापडली, तेव्हा भर पंचांत मीच हा कायदा काढला होता. (घागर अजून आमच्याकडंच आहे. फार चांगली घागर.)

परत येऊन साहेबांना मी हवापाण्याच्या गोष्टी सांगत राहिलो. त्यांनी घाम पुसला, दोनदा घसा खाकरला. तेवढ्यात भिंतीपलीकडून अदबीचा निरोप आला की कॉफी तयार आहे. साहेब उठले. मला कोणी बोलावलं नाही. मग माझ्याच कॉफीत त्याचा बर्फ पडल्याचं मी या कानांनी ऐकलं आणि साहेबांचं बोलणंही ऐकलं: "वल्ला, भगवानराव, ऐसी कॉफी तो हैद्राबाद में भी नहीं मिलती." कॉफी माझी, वाहवा त्याची. त्या रात्री मी जेवलो नाही. (नंतर थोडं जेवलो.)

तरी आपण घराचे जावई, तुमचा शब्द दोन्ही पात्या मानतात. त्या माणसाला चार खडे बोल लिहावेत, एवढीच विनंती. अक्काला नमस्कार.

आपला,
सुंदरराव

ता. क. : किटली त्यानं घासूनपुसून परत पाठवली. भांडं रिकामं पाठवू नये म्हणून आत काही घातलं होतं. उघडलं तर नुसतं पाणी. मी म्हटलं, हा अपमान. सरस्वती म्हणाली की निघताना तो बर्फ होता, तुम्हीच रागानं तासभर किटलीला हात लावला नाही. ते पाणी मी प्यालो. गार होतं.

पुन्हा ता. क. : खडे बोल नकोत. राहू द्या. त्यापेक्षा सहज सुचल्यासारखं लिहा की सुंदररावालाही दुपारी ओसरीवर बोलवत जा. मी लिहिलंय हे कळू देऊ नका. तो बोलावेल तेव्हा पहिल्यांदा मी नको म्हणेन, दुसऱ्यांदाही नको म्हणेन. तिसऱ्यांदा त्यानं विचारलंच पाहिजे, हे मात्र ठळक अक्षरात लिहा. लहानपणापासून तो दोनदाच विचारतो.